पाचारण आहे की नाही, हे ओळखायचं कसं? (वय २६, नर्स, डोक्यावर कर्ज)

वाडीवरची_लेक

जय येशू सगळ्यांना.

मी वसईची. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे, चार वर्षं झाली. गेले पाच महिने एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, व्रतं घेऊन मठात जावं का, चर्चची सिस्टर व्हावं का, आणि घरात बोलायची हिंमत होत नाही, म्हणून इथे लिहिते.

गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधी, आमच्या धर्मग्रामातल्या सिस्टरांबरोबर मी चार रविवार घरभेटींना गेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना त्या कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) द्यायला जातात. तिसऱ्या रविवारी एका आजोबांकडे गेलो. एकटेच असतात, मुलगा गल्फला. प्रार्थना झाली, कम्युनियन झालं, आम्ही उठलो आणि सिस्टरांचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. नखं वाढून आत वळली होती. सिस्टर तशाच खाली बसल्या. खुर्चीवरचा जुना पेपर पायांखाली पसरला, मला कोमट पाणी आणायला लावलं, पाय भिजत ठेवले आणि एकेक नख कापायला घेतलं. अंगठ्याचं नख इतकं जाड की नेलकटर चालेना, मग माझ्या पर्समधली ड्रेसिंगची कात्री दिली. पाऊण तास गेला. कुणी काही बोललं नाही. शेवटी त्यांनी त्या पेपरची व्यवस्थित पुडी केली आणि म्हणाल्या, "आता चप्पल घालून बघा हो."

मी रोज पेशंटला स्पंजिंग करते, नखं कापते, त्यात मला नवीन काही नाही. तरी त्या दिवशी घरी येताना वाटलं की मी असंच जगायला हवं. ते अजून गेलेलं नाही. ड्युटीवर असते, लोकलमध्ये असते, कुठेही असते, ते आहेच.

आता घरची गोष्ट. पप्पांना तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात उचलत नाही. वाडी आईच बघते. केळी, अळू, थोडा मोगरा. आणि पापडीच्या बाजारात बसते. भाऊ इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे २ लाख ४० हजार अजून बाकी आहेत, महिन्याला ७,८०० चा हप्ता जातो. त्यात नंदाखालचं एक स्थळ आलंय. मुलगा बोटीवर आहे. दोनदा भेटलो. मी बोलत असताना मध्ये तोडत नाही, पूर्ण ऐकतो. त्याच्यात नाव ठेवायला जागा नाही आणि म्हणूनच मला रात्री झोप लागत नाही. मुलगा वाईट असता तर सोपं होतं.

सिस्टरांच्या एका संस्थेत मी फोन केला होता. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "येशूच्या शिष्यांनी जाळी तिथेच टाकली आणि निघाले. कर्जाचं काय घेऊन बसलीस, देव बघून घेईल. जूनमध्ये ये." तेव्हापासून जास्तच घाबरलेय. माझं पाचारण खरं असेल तर मला पैशांची काळजी वाटायलाच नको का? आणि दुसरं, जे मला करावंसं वाटतं ते मी नर्स राहूनही करू शकते. मग व्रतं कशाला? प्रार्थनेत मला काही ऐकू वगैरे येत नाही. रोझरी (माळेची प्रार्थना) म्हणताना अर्ध्यात झोप लागते, नाइट झाली असली तर पहिल्याच रहस्याला, म्हणजे पहिल्याच भागाला.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपा करून लिहा.

तिघींची_आई

बाळा, तुझं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

माझी मधली मुलगी २१ व्या वर्षी मठात गेली. आता तात्पुरती व्रतं घेऊन छत्तीसगडमध्ये आहे. तुला फक्त आईच्या बाजूने सांगते, बाकीचं जाणती माणसं सांगतील.

माझ्या मुलीने आधी फादरांना सांगितलं, मग तिच्या मैत्रिणीला. मला कळलं ते रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर, दुसऱ्या बाईच्या तोंडून. "अभिनंदन हो, मुलगी देवाला दिलीत." मी हसले आणि घरी येऊन दार लावून घेतलं. ती गेली याचं मला दुःख नव्हतं गं, निदान तेव्हा तरी नव्हतं. मला शेवटी कळलं याचं होतं. तिची स्कूटी दोन पावसाळे अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, मी विकू दिली नाही. नोव्हिशिएटच्या, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या, वर्षी घरी येता येत नाही हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, मी नाताळची वाट बघत बसले.

तुझ्या आईला तू स्वतः सांग. अजून काही ठरलं नाही, असंच सांग. ठरल्यावर सांगितलंस तर तिला वाटेल तुला तिचं मत नकोच होतं.

आणि त्या मुलाला झुलवत ठेवू नकोस. तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

नगरची_सिस्टर

जय येशू, बेटा.

मी श्रीरामपूर तालुक्यातली, हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेली पोर. पहिली व्रतं घेऊन ३४ वर्षं झाली. सध्या नगर जिल्ह्यात एका लहान केंद्रात आम्ही चौघी राहतो. सविस्तर लिहिते, कारण तुझ्यासारख्या दोघी-तिघी घाईत आलेल्या मी पाहिल्यात, आणि एक इतकी थांबली की शेवटी आलीच नाही, तीही पाहिलीय.

कर्जाचं आधी. कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, ६४४ व्या कलमात सरळ लिहिलंय की जिच्यावर फेडता न येण्यासारखं कर्ज आहे तिला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये. म्हणजे तुझी काळजी ही अश्रद्धा नाही, खुद्द चर्चनेच ती काळजी घेतलेली आहे. "देव बघून घेईल" म्हणणाऱ्या सिस्टरांचा हेतू चांगला असेल, पण हप्ता तुझ्या आईच्या अळूच्या जुड्यांतून जाणार असेल तर ते देवाने बघून घेणं नव्हे. कर्ज फेड. तीनेक वर्षं लागतील, तोवर भाऊ कमवायला लागेल. तू २९ ची होशील. आमच्याकडे त्या वयात आलेल्या आहेत आणि चांगल्या रुळल्या आहेत. आणि जाळ्यांचं म्हणशील तर मार्काच्या शुभवर्तमानात थोडं पुढे वाच. याकोब आणि योहान हे शिष्य बापाला होडीत सोडून गेले, पण एकट्याला नाही. बरोबर मजूर होते.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे.

नखं कापणं हे पाचारण नाही. ते काम आहे. सुंदर काम आहे, पण काम. मी सातवीला मराठी आणि गणित शिकवायचे, ११ वर्षं शिकवलं. माझी मुलं स्कॉलरशिपला बसायची, पालक मला रस्त्यात थांबवून बोलायचे. मला वाटायचं, याचसाठी देवाने मला बोलावलं. मग एका मे महिन्यात बदलीचं पत्र आलं. नंदुरबारकडच्या एका वसतिगृहात हिशेब बघायचा. शाळा नाही, वर्ग नाही. तांदळाची पोती मोजायची, डिझेलच्या पावत्या लावायच्या, गॅस सिलिंडरसाठी फोन करायचे. लोकांना वाटतं ब्रह्मचर्याचं व्रत सगळ्यांत कठीण. माझा अनुभव वेगळा आहे. आज्ञापालन कठीण. दीड वर्ष मी चॅपेलमध्ये नुसती बसत होते, आत काही नव्हतं. शाळा काढून घेतल्यावर माझ्याकडे देवाशी बोलायला विषयच उरला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला फार भीती वाटली.

त्यातून बाहेर कशी आले ते नीट सांगता येत नाही. एकदा संध्याकाळी लाइट गेलेली, मी कोठीत टॉर्च तोंडात धरून पोती मोजत होते. पलीकडे मुली रोझरी म्हणत होत्या. बाविसाव्या पोत्याशी माझ्या लक्षात आलं की मघापासून मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देतेय आणि मोजणंही चुकलेलं नाही. एवढंच झालं. त्यानंतरही मी पाच वर्षं हिशेबच बघितला, पण त्या घरात मी पाहुणी राहिले नाही.

म्हणून तुला विचारते. तुझ्या मनातून ते आजोबा, ती कात्री, तो पेपर काढून टाक. उद्या तुला मठात पाठवून कायमचं ऑफिसात बसवलं, पेशंटला हात लावायला दिलाच नाही, तर तिथे तुला राहावंसं वाटेल असं काही उरतं का? नसेल उरत, तर तू उत्तम नर्स आहेस, लग्न कर, आणि रविवारी त्या आजोबांकडे जात जा. तेही देवाचंच. उरत असेल, तर ते काय आहे ते शोध. मला उत्तर देऊ नकोस, स्वतःला दे.

प्रार्थनेत काही ऐकू येत नाही म्हणतेस. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देवाचा आवाज आला तोही त्याला कळला नाही, तीनदा उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावला. आणि एलीलाही तिसऱ्या खेपेला उमगलं. मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. देवाने शमुवेलाला सांगितलं ते एलीच्या घराण्याविरुद्ध होतं, आणि तरी एली म्हणाला, माझ्यापासून काही लपवू नकोस. मार्गदर्शक असा शोध, ज्याला तुझं उत्तर हो आलं काय किंवा नाही आलं काय, स्वतःचा काही फायदा-तोटा नाही. ज्या संस्थेत जायचा विचार आहे तिथलीच सिस्टर एकटी मार्गदर्शक नको.

मदर तेरेसा १८ व्या वर्षी घर सोडून लोरेटो सिस्टरांच्या संस्थेत गेल्या. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांच्या सेवेची हाक आली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तेव्हा त्या ३६ वर्षांच्या होत्या, आणि त्यानंतरही बाहेर पडायची परवानगी मिळायला १९४८ उजाडलं. थांबणं त्यांनाही चुकलं नाही. पुढे कित्येक वर्षं त्यांना प्रार्थनेत अंधारच होता, हे त्यांच्या पत्रांवरून जगाला कळलं, त्या गेल्यावर. तुला रोझरीत झोप लागते ती नाइट ड्युटीमुळे. तिचा अर्थ लावत बसू नकोस.

एक उपाय सांगते. जेझुइट संघ सुरू करणारे संत इग्नेशियस १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला तोफेचा गोळा लागून घरी पडून होते. सरदारकीची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मागाहून कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचं मनात आणलं की नंतरही मन भरलेलं राहायचं. हा फरक त्यांनी हेरला. तूही तेच कर. पंधरा दिवस असं समजून राहा की त्या मुलाला हो म्हटलंय. कुणाला सांगू नकोस, फक्त आत तसं धरून चाल. रोज रात्री दोन ओळी लिही. त्या वेळी काय वाटलं ते नको, दिवस सरल्यावर मागे काय राहिलं ते लिही. मग पंधरा दिवस मठात जायचं ठरलंय असं धरून चाल. वही कुणाला दाखवू नकोस, मार्गदर्शकाला सोडून. आणि मन खचलेलं असेल त्या दिवशी आधीचं ठरलेलं काहीही मोडू नकोस, हा इग्नेशियसांचाच नियम.

सुट्टी मिळेल तेव्हा 'कम अँड सी'ला, म्हणजे मठात थोडे दिवस राहून बघायला जा, दोन वेगवेगळ्या संस्थांत जा. तिथे वेदीची सजावट बघू नकोस, स्वयंपाकघर बघ. म्हाताऱ्या सिस्टरांच्या गोळ्या कोण काढून देतं ते बघ. दोघींचं वाजलं तर संध्याकाळच्या प्रार्थनेला दोघी येतात का ते बघ.

आणि आत गेलीस की दार बंद होतं असं नाही. नोव्हिशिएट कमीत कमी १२ महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, कधी सहा महिने वाढवतात. त्यातून केव्हाही निघता येतं. मग तात्पुरती व्रतं तीन ते सहा वर्षांची, वाढवून नऊपर्यंत. त्यानंतर कायमची. पहिल्या दिवसापासून धरलं तर सात-आठ वर्षं सहज जातात. देवाला घाई नसते.

परत_आलेली

सिस्टरांनी लिहिलं ते सगळं खरं. आत गेल्यावरही निघता येतं, हे त्यांनी एका ओळीत संपवलं. ते मी जगलेय, म्हणून थोडं लिहिते.

माझी तात्पुरती व्रतं पाच वर्षांनी संपली आणि मी ती पुन्हा घेतली नाहीत. कायद्याने त्यात काही वावगं नाही, मुदत संपली की तुम्ही मोकळ्या असता. पण मला निरोप घेऊ दिला नाही. आदल्या रात्री मोठ्या सिस्टर म्हणाल्या, बाकीच्यांची मनं विचलित होतील, पहाटे रिक्षा येईल. ज्यांच्याबरोबर पाच वर्षं जेवले त्यांचे दरवाजे बंद होते आणि मी चपला हातात घेऊन जिना उतरले. गावात वर्षभर बायका विचारत होत्या, "काय झालं गं?" काही झालं नव्हतं. मी प्रामाणिकपणे बघितलं आणि मला दिसलं की माझी जागा तिथे नाही. ती पाच वर्षं वाया गेली असं मला कधी वाटलं नाही. आज शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत, सकाळची स्तोत्रं अजून म्हणते, मुलांचे डबे भरता भरता.

म्हणून जाण्याआधी संस्थेला तोंडावर विचार, एखादी निघाली तर तिला कसं पाठवता? उत्तर देताना त्या कशा बघतात त्यावरून बरंच कळेल. आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बंद पडू देऊ नकोस, आत असताना सुद्धा वेळच्या वेळी रिन्यू कर. याला कुणी अविश्वास म्हणालं तर म्हणू दे.

तू वसईची आहेस. आपले गोन्सालो गार्सिया जपानमध्ये आधी जेझुइटांबरोबर धर्मशिक्षण द्यायचे, मग व्यापारात पडले, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले, १८६२ ला संत झाले. आपण दर वर्षी त्यांचा सण करतो, पण त्यांनी वाट किती वेळा बदलली हे मुलींना कुणी सांगत नाही. मला कुणी सांगितलं असतं तर त्या रिक्षात मी इतकी रडले नसते.

वाडीवरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये सलग नाइट होत्या.

आईला सांगितलं. रात्री आम्ही दोघी पडवीत अळूच्या जुड्या बांधत होतो. मी म्हटलं, आई, अजून काही ठरलं नाही, पण माझ्या मनात असं असं आहे. ती काही बोलली नाही. पाच-सहा जुड्या बांधून झाल्या. मग म्हणाली, "पप्पांना मी सांगेन. तू नको सांगू." आणि दोर माझ्याकडे सरकवला.

त्या मुलालाही फोन केला. तो बोटीवर जायच्या आधी सांगायचं होतं. म्हणाला, सहा महिन्यांनी येतो, तोवर ठरव. मी म्हटलं, थांबू नकोस, ते बरोबर होणार नाही. बराच वेळ फोन चालू होता, दोघं गप्प होतो. मला वाईट वाटलं, अजून वाटतंय. आंटी, तुम्ही लिहिलं नसतं तर मी टाळलं असतं. सिस्टर, त्यामुळे तुम्ही सांगितलेले त्याच्यासाठीचे पंधरा दिवस धरायचे की नाही कळेना. पण सांगून टाकल्यावरही मी ते धरून पाहिले. वहीत लिहिलंय. इथे लिहीत नाही.

कर्ज फेडेपर्यंत कुठेही जाणार नाही, हे पक्कं. फादरांनी एका वयस्कर जेझुइट फादरांचं नाव दिलंय, महिन्यातून एकदा त्यांना भेटणार आहे.

आणि सिस्टर, नखं काढून टाकल्यावर काय उरतं, हे तुम्ही विचारलंत. मला उत्तर देऊ नकोस म्हणालात, पण मी पहिल्यांदा लिहिताना एक गोष्ट गाळली होती, ती सांगते. त्या दिवशी आजोबांकडून परत आलो तेव्हा सिस्टरांची संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. मला म्हणाल्या, बस हवं तर. पाच जणी होत्या, तीन एका बाजूला, दोन समोर. स्तोत्राचं एक कडवं या बाजूने, एक त्या बाजूने. समोरच्या दोघींतल्या एक अगदी म्हाताऱ्या. त्यांची ओळ चुकली, पान सापडेना. शेजारच्या सिस्टरांनी त्यांच्या पुस्तकाला हात लावला नाही, पुढचंही म्हटलं नाही. चौघी तशाच थांबल्या. पान उलटल्याचा आवाज येत होता. मग त्यांना ओळ सापडली, त्यांनी म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्या त्यांच्या मागून म्हणू लागल्या.

मी मागच्या बाकावर होते. माझी लोकल चुकत होती आणि मला उठवत नव्हतं.